टाकोला नंबर द्यायचा, पण कशाचा?

१४ मे २०२४ रोजी मिशलिन मार्गदर्शिकेची मेक्सिकोसाठीची पहिली आवृत्ती जाहीर झाली आणि मेक्सिको सिटीच्या सान राफाएल भागातल्या ‘एल कालिफा दे लिओन’ या दुकानाला एक तारा मिळाला. दुकान कसलं, चार पावलांत संपणारा गाळाच तो. बसायची सोय नाही, उभ्यानेच खायचं. १९६८ पासून चालू असलेल्या या दुकानात टाकोचे प्रकार अवघे चार. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘गाओनेरा’. रोदोल्फो गाओना या गाजलेल्या बैलझुंजवीराच्या नावाचा हा टाको म्हणजे गोमांसाचा पातळ काप, वर मीठ आणि लिंबू, खाली तव्यावरून नुकतीच उतरलेली मक्याची टॉर्टिया. त्याच यादीत ‘पुहोल’ आणि ‘किंतोनिल’ या उंची रेस्तराँना दोन-दोन तारे होते, पण जगभर बातमी झाली ती या गाळ्याची. लगेच रांगा लागल्या आणि ‘मेक्सिको सिटीतला सर्वोत्तम टाको’ असा त्याचा बोलबाला झाला. घोळ इथेच आहे. तारा गाओनेरा उत्तम करणाऱ्या दुकानाला मिळाला. शहरातल्या सगळ्या टाकोंमध्ये ते पहिलं, असं त्यावरून ठरत नाही. तसं ठरवताही येत नाही, असं माझं म्हणणं आहे.

कारण टाको हा एक पदार्थ नाहीच. टॉर्टियात काहीतरी घालून हातात धरून खायचं, एवढंच त्यांच्यात समान. पश्चिम आशियातून आलेल्या स्थलांतरितांनी प्वेब्ला शहरात उभ्या सळईवर मांस भाजायची शावर्माची रीत आणली. तिला डुकराचं मांस, सुक्या मिरच्या आणि अचिओतेच्या लाल बियांचं वाटण मिळालं आणि पुढे मेक्सिको सिटीत त्यातून ‘अल पास्तोर’ रुळला. तो आपणच जन्माला घातला, असं ‘एल तिसोन्सितो’ हे दुकान आजही अभिमानाने सांगतं. हा टाको संध्याकाळनंतरचा. ‘बार्बाकोआ’ मात्र सकाळचा, तोही बहुधा शनिवार-रविवारचा. घायपाताच्या जातीतल्या मागेय वनस्पतीच्या जाड पानांत मेंढीचं मांस गुंडाळून ते जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर शिजवायचं. ही ख्याती इदाल्गो राज्याची. मिचोआकानचे ‘कार्नितास’ डुकराच्याच चरबीत मंद आचेवर शिजतात. आणि ‘ताकोस दे कानास्ता’ म्हणजे टोपलीतले टाको. बटाटा, बीन्स किंवा मांस भरून, वरून गरम तेल सोडून ते कापडात घट्ट झाकतात आणि सायकलवर टोपली बांधून विकायला निघतात. या धंद्यातले कितीतरी लोक त्लाश्कालातल्या एका गावचे. आता या चौघांना एकाच शिडीवर चढवून पहिला-दुसरा ठरवणं म्हणजे वडापाव, मिसळ आणि पिठलं-भाकरी यांच्यात महाराष्ट्राचा विजेता काढण्यासारखं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यवहाराचा. परगावचा माणूस दोन दिवसांसाठी येतो, त्याला तत्त्वचर्चा नको, यादी हवी. अगदी मान्य. पण यादी हवी म्हणजे एकच क्रमवारी हवी, असं थोडंच आहे? अल पास्तोरची वेगळी, बार्बाकोआची वेगळी, अशा यादीने त्या पाहुण्याची सोयच होईल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: पदार्थ वेगळे असले तरी कसब आणि सातत्य यांची तुलना होऊ शकते, मिशलिन तेच तर करतं. खरं आहे. जिन्नसांचा दर्जा, चवींचा मेळ, तंत्रावरची पकड, पदार्थातून दिसणारा आचाऱ्याचा स्वभाव आणि सातत्य, हे त्यांचे निकष उघड आहेत. मात्र सातत्य तपासायचं तर पुनःपुन्हा त्याच दारात जावं लागतं, आणि रोज उघडणारं, चारच पदार्थांचं पक्कं दुकान या कसोटीला सोयीचं पडतं. आज या कोपऱ्यावर, उद्या पुढच्या चौकात उभ्या राहणाऱ्या सायकलवाल्याला तारा द्यायचा तरी कुठल्या पत्त्यावर? कसोटी खोटी नाही, पण ती कोणाला लागू पडते हे आधीच ठरून गेलेलं असतं.

मग सगळ्यांना लावता येईल असं काहीच नाही का? टॉर्टिया आहे. मेक्सिकोत मका थेट दळत नाहीत. आधी तो विझवलेल्या चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात. साल सुटतं, दाणा फुगतो, मग धुऊन ओलाच वाटतात. या ‘निक्स्टमाल’ प्रक्रियेमुळे पिठाला चिकटपणा येतो, शिवाय मक्यातलं नायसिन शरीराला मिळू लागतं. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही. मक्यावरच जगणाऱ्या तिथल्या गरिबांना नायसिनच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा रोगाने गाठलं. अशा ओल्या पिठाची ताजी टॉर्टिया आणि पाकिटातल्या कोरड्या पिठाची टॉर्टिया यांतला फरक पहिल्या घासाला कळतो: पहिलीला भाजक्या मक्याचा वास असतो आणि ती दुमडली तरी तडकत नाही. परीक्षकाने सारणाआधी नुसती टॉर्टिया चाखावी, असं मी म्हणेन. पण ही मोजपट्टीही सरसकट चालत नाही. उत्तरेकडच्या सोनोरात टॉर्टिया गव्हाची असते. आणि कानास्ताची टॉर्टिया वाफेने मऊ, तेलकट व्हायलाच हवी. गाओनेराखाली तीच टॉर्टिया आली तर तो दोष. तेव्हा टॉर्टिया चांगली की वाईट हे तिच्यावरच्या सारणाकडे बघूनच ठरतं, आणि आपण पुन्हा प्रकाराप्रकाराने तुलना करण्यापाशी येतो.

क्रमवारीवाले आणखी एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे वेळ. अल पास्तोरची उभी सळई विस्तवासमोर फिरत असते. कारागीर बाहेरचा भाजलेला थर तेवढा लांब सुरीने उतरवतो, तळहातावरच्या टॉर्टियात झेलतो आणि टोकावरच्या अननसाची चकती उडवून वर पाडतो. गिऱ्हाईक कमी असलं की बाहेरचा थर वाळतो; झुंबड उडाली की थर खरपूस होण्याआधीच कापला जातो. त्यामुळे एकाच दुकानाला, एकाच संध्याकाळी, दोन माणसं प्रामाणिकपणे दोन वेगवेगळे गुण देऊ शकतात. गुणांपुढे वार आणि वेळ लिहिलेली नसेल, तर ती क्रमवारी मी अर्धीच धरेन.

एल कालिफाचा तारा रास्तच आहे. गाओनेरा खायचा असेल तर जरूर रांग लावा, उभ्यानेच खा. पण मेक्सिको सिटीत उतरल्यावर ‘सर्वांत चांगला टाको कुठे मिळतो?’ असं विचारू नका. कुठला टाको हवा आणि किती वाजले आहेत, हे सांगून विचारा. बार्बाकोआ हवा असेल तर रविवारी सकाळी लवकर निघा, कारण दुपारपर्यंत तो बहुतेक संपलेला असतो.