शेवटावरचं पोस्टकार्ड

रविवारी सकाळी नागपूरच्या प्रताप नगरातल्या माझ्या घरी कॉलेजची पाच-सहा मुलं कथा वाचायला येतात. शेवटचा परिच्छेद मी पोस्टकार्डाने झाकते आणि विचारते, “आता काय होईल?”

एका रविवारी मोपासाँची १८८४ सालची ‘द नेकलेस’ घेतली होती. मैत्रिणीकडून मागून आणलेला हिऱ्यांचा हार मॅथिल्डच्या हातून हरवतो. नवरा-बायको कर्ज काढून छत्तीस हजार फ्रँकचा तसाच हार परत करतात आणि ते कर्ज फेडण्यात दहा वर्षं झिजतात. कार्ड काढलं. हरवलेला हार नकली होता, फार तर पाचशे फ्रँकचा!

“मॅडम, लेखकाने चक्क फसवलं आपल्याला,” एक मुलगा म्हणाला.

“मग मागे जा. कुठे फसवलं ते शोधा.”

बऱ्याच वेळाने एका मुलीने एका ओळीवर बोट ठेवलं. हाराच्या डबीवर ज्या सराफाचं नाव असतं, तो म्हणतो, हार माझ्याकडचा नाही, मी फक्त डबी दिली होती. म्हणजे डबी एकीकडची, हार दुसरीकडचा. खूण डोळ्यांसमोर होती. आपण मॅथिल्डच्या काळजीत इतके बुडालो होतो, की ती दिसलीच नाही.

धक्का आणि फसवणूक यांतला फरक इथे आहे. फसवणुकीत लेखक माहिती दडवतो. खऱ्या धक्क्यात ती उघड्यावर ठेवतो.

मराठीत ना. सी. फडक्यांनी कथेच्या तंत्रावर भर दिला. वेधक सुरुवात, वाढती उत्कंठा, शेवटी कलाटणी. पुढे कलाटणीचाच साचा झाला. १९४५ च्या सुमारास गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने तो मोडला आणि कथा माणसाच्या मनात शिरली. आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या नरखेडचे वामन चोरघडे तर त्याआधीपासूनच हळुवार, भावगर्भ कथा लिहीत होते. मुलांना मी दोन्ही प्रकारच्या कथा वाचायला देते. मनाचा ठाव घेणारी कथा कळली, की कलाटणीचीही पारख येते.

काल दोन नवी मुलं आली. त्याच मुलीने पुस्तक उघडलं आणि कार्ड शेवटावर न ठेवता सराफाच्या त्या ओळीवर ठेवलं. म्हणाली, “आधी ही ओळ वगळून वाचा. मग ती धरून वाचा. शेवट तोच राहतो, पण पहिल्या वेळी तो वरून पडल्यासारखा वाटतो.”

मी काहीच बोलले नाही. शिकवायचं होतं ते तिने शिकवलं होतं.