फॅमिली डॉक्टरकडे मेथाडोन

उत्तर डब्लिनमधल्या एका जीपीच्या, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात मी नर्स आहे. लस टोचायला आणलेलं बाळ, गुडघे धरून बसलेल्या आजी आणि त्यांच्याशी पावसाबद्दल बोलणारा पन्नाशीचा गृहस्थ, सगळे एकाच खोलीत बसतात. तो हेरॉईनऐवजी दिल्या जाणाऱ्या मेथाडोन या औषधाची चिठ्ठी न्यायला आलेला असतो. कोण कशासाठी आलंय ते कुणाला कळत नाही. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

मी मूळची साताऱ्याची. व्यसन म्हटलं की पुण्याचं, 1986 साली सुरू झालेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आठवायचं. तिथे ध्येय व्यसन सोडण्याचं. इथे आधी माणूस जगवायचा, सोडण्याचं नंतर बघू. हे पचायला मला वेळ लागला.

डब्लिनच्या गरीब वस्त्यांत हेरॉईन शिरलं ते 1980च्या आसपास. सुयांमधून एचआयव्हीही पसरला. मेथाडोनवर पुरेसा वचक नव्हता, त्यामुळे ते रस्त्यावर विकलं जाई. 1998 मध्ये नियम आले. प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच ते लिहून द्यायचं, प्रत्येक रुग्णाचं नाव मध्यवर्ती यादीत, आणि त्याचा केमिस्टही ठरलेला. पहिल्या पातळीच्या डॉक्टरने घडी बसलेले रुग्णच घ्यायचे, फार तर 15. दुसऱ्या पातळीचा डॉक्टर नव्याने उपचार सुरू करू शकतो, त्याची मर्यादा 35.

हे हिरवं औषध, इथल्या भाषेत 'फाय', सुरुवातीला केमिस्टसमोरच प्यायचं. एका डोसचा असर दिवसभर टिकतो. टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, लागत नाही, सुई शोधावी लागत नाही. गाडी रुळावर आली की बाटली घरी न्यायला मिळते.

माझ्या वाट्याला येतात ते हात. रक्त घ्यायला शीर सापडत नाही. "तिथे नको शोधूस, ती कधीच गेली. इकडे बघ," असं म्हणत रुग्णच मनगटाची आतली बाजू पुढे करतो. हेपटायटिस सीची तपासणी अशीच होते, आणि आता 8 किंवा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक जण त्यातून बरे होतात. बीपी, फुप्फुसं, चिघळलेली जखम हेही त्याच भेटीत बघून होतं. नुसता डोस देणाऱ्या केंद्रात हे सहसा राहून जातं.

पण हे काम सगळे जीपी घेत नाहीत. बाकीचे रुग्ण बिचकतील, अशी भीती असते. डब्लिनबाहेर तर काहींना चिठ्ठीसाठी लांबची बस धरावी लागते.

नोव्हेंबर 2023 मध्ये शहरात हेरॉईन म्हणून निटाझीन हे त्याहून जहाल कृत्रिम ड्रग विकलं गेलं आणि मोजक्या दिवसांत 50हून अधिक जणांना ओव्हरडोस झाला. तेव्हापासून मी प्रत्येकाला नालोक्सोनच्या, म्हणजे ओव्हरडोसवरच्या उताऱ्याच्या, फवाऱ्याबद्दल विचारते. तो खिशात असून भागत नाही. बेशुद्ध माणूस स्वतःच्या नाकात फवारा मारणार कसा? म्हणून पुढच्या खेपेला बहीण, मित्र, जो कुणी घरात असेल त्याला घेऊन ये, असं सांगते.