खळाळातल्या दगडांची वस्ती

नदीच्या तळाशी राहणाऱ्या अपृष्ठवंशी जीवांत मेफ्लाय, कॅडिस आणि चतुर यांच्या अळ्या, गोगलगायी, शिंपले, खेकडे, जळवा आणि नाना प्रकारचे कृमी येतात. ते नदीभर सारखे पसरलेले नसतात. सह्याद्रीतल्या ओढ्यात खळाळातला गोटा उलटला की खाली चपट्या अळ्या चिकटलेल्या दिसतात. चार हातांवरच्या डोहातल्या गाळात त्या क्वचितच सापडतात. तिथे तांबड्या अळ्या आणि कृमींचे राज्य असते.

हा फरक घडवण्यात पहिला मान पाण्याच्या वेगाचा. जोरकस धार बारीक कण वाहून नेते आणि गोटे मागे ठेवते. वेग मंदावला की आधी वाळू बसते, मग गाळ. गोट्यांच्या फटींत आसरा, शेवाळ आणि अडकलेला पालापाचोळा सगळेच मिळते, म्हणून प्रजाती तिथे सर्वाधिक. सरकती वाळू सर्वांत ओसाड. गाळात प्रजाती मोजक्याच, पण एकेकीची संख्या अफाट असू शकते.

धारेतल्या जीवांच्या युक्त्या मात्र विलक्षण आहेत. सिम्युलियम माशीची अळी दगडावर रेशमाची गादी विणते, मागच्या टोकाच्या आकड्यांनी तिला घट्ट धरते आणि तोंडाजवळच्या पंख्यांनी वाहते कण गाळून खाते. हायड्रोसायकी ही कॅडिस अळी चक्क जाळे लावून बसते. सर्वांवर कडी करते ती ब्लेफॅरिसेरिडी कुळातली अळी. तिच्या पोटाखाली ओळीने सहा चूषके असतात आणि धबधब्याखालच्या गुळगुळीत कातळावरही ती सुखाने फिरते. या कुळातल्या एका प्रजातीसमूहाला १९३० मध्ये ‘होराइया’ हे नाव मिळाले, ते प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांच्यावरून. त्याच वर्षी होरांचा वेगवान प्रवाहातील प्राण्यांवरचा प्रबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. भारतीय नद्यांवरचे ते काम आजही वाचण्याजोगे आहे.

दगडालगतच्या संथ पाण्याच्या पातळ थरात चपटे जीव निवांत राहतात, असे पूर्वी मानले जाई. १९८२ मध्ये स्टॅट्झनर आणि होल्म या संशोधकांनी लेझरच्या साहाय्याने अळीभोवतीचा प्रवाह मोजला, तेव्हा प्रकरण इतके सोपे नसल्याचे दिसले. चपटेपणाने सगळेच साधत नाही.

प्राणवायूही वेगाशीच बांधलेला. पाणी तापले की तो कमी मावतो: २० अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. खळाळ ही तूट भरून काढतो, साचलेला डोह काढत नाही. कायरोनोमस माशीच्या अळीच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, म्हणून ती लालभडक दिसते आणि कोंदट गाळातही तगते.

अन्नाचे गणित व्हॅनोट या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडले: उगमाकडे पाने कुरतडणारे, मध्यावर शेवाळ खरवडणारे, मुखाकडे बारीक कण वेचणारे जीव अधिक. पावसाळी पुरात तळ खरवडून निघतो; वरून वाहत आलेल्या अळ्या आणि उडत येऊन अंडी घालणाऱ्या माद्या तो पुन्हा वसवतात.

माणसाचा हात लागला की ही घडी विस्कटते. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत सोडले जाते आणि कोकणातल्या त्या नदीचा ऋतुक्रमच बदलतो. वाळूउपशाने उठलेला गाळ खालच्या गोट्यांच्या फटी बुजवतो. अशा ठिकाणी पाण्याचे रासायनिक अहवाल चांगले आले, तरी तळ उजाड असू शकतो. म्हणून नदी तपासायला जाताना नमुन्याच्या बाटलीबरोबर हातजाळेही न्यायला हवे.