चिंबोरीच्या पाठीचं छप्पर

आमच्या थळच्या किनाऱ्यावर चिंबोरीच्या कवचाचं कौतुक कोणाला? कालवण झालं, की कवच उकिरड्यावर. पण अशाच एका कवचावरून एका माणसाला देवाच्या घराचं छप्पर सुचलं, हे मला परवा कळलं. तेही आमच्या देवळाच्या जीर्णोद्धारावरून घोळ चालू असताना.

झालं असं, की आळीतलं जुनं कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं बांधायचं घाटतंय. पावसात गळतं, वाशांना वाळवी लागलीय, हे खरंच. बैठकीला आम्ही बायका मागे बसलो होतो. न राहवून मी विचारलं, "जोत्याचे दगड आणि पायऱ्यांचं काय करणार?" उत्तर आलं, "वहिनी, भरावाला टाकू. नव्यात जुनं कशाला?" मी गप्प बसले. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी त्याच पायरीवर माझ्याकडून नारळ वाढवून घेतला होता. ते बैठकीत कसं सांगणार?

घरी आल्यावर भाचीपाशी मन मोकळं केलं. ती आर्किटेक्चर शिकते. म्हणाली, "आत्या, फ्रान्समधल्या एका गावातही असंच नवं देऊळ बांधायची वेळ आली होती." आणि तिने मोबाइलवर फोटो दाखवला. हिरव्या टेकडीवर पांढऱ्याशुभ्र, वाकलेल्या भिंती आणि वर फुगीर, करडं छप्पर. मी पटकन म्हटलं, "अगं, ही तर चिंबोरीची पाठ!" ती हसायलाच लागली. खरंच तसं होतं!

गावाचं नाव रोन्शाँ. तिथल्या टेकडीवर मेरीमातेचं जुनं प्रार्थनास्थळ होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, तिथे लढाई झाली आणि ते उद्ध्वस्त झालं. नवं बांधायचं काम १९५० मध्ये ल कॉर्बुझिए यांच्याकडे आलं. आपलं चंदीगड ज्यांनी आखलं, तेच हे. १९४६ साली न्यूयॉर्कजवळच्या किनाऱ्यावर त्यांनी खेकड्याचं एक कवच उचललं होतं. एवढंसं पातळ, पण केवढं मजबूत! त्यावरून त्यांनी छप्पर काढलं. काँक्रीटचे दोन पातळ पापुद्रे, प्रत्येक जेमतेम ६ सेंटिमीटर जाड, आणि मध्ये सव्वादोन मीटरची पोकळी. भिंत आणि छपरामध्ये चार बोटांची फट ठेवलीय. तिच्यातून उजेड आत येतो आणि एवढं जड छप्पर अधांतरी तरंगल्यासारखं वाटतं.

पण मला खरं भावलं ते वेगळंच. टेकडीवर गाड्या जाण्याजोगा नीट रस्ता नव्हता, सामान चढवणं जिकिरीचं. मग पडलेल्या इमारतीचे दगडच नव्या भिंतींत भरले. छपराचा भार आतल्या काँक्रीटच्या खांबांवर आणि भरणा जुन्या दगडांचा. वरून चुन्याची सफेदी. म्हणजे तिथेही दगड भरावालाच गेले हो, पण देवाच्या भिंतीत! उरले त्यांचा बाजूला पायऱ्यांचा मनोरा रचला, लढाईत मेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी. मेरीची जुनी लाकडी मूर्तीही टाकली नाही. ती भिंतीतल्या काचेच्या कोनाड्यात बसवलीय आणि फिरवता येते. एरवी तोंड आत, यात्रेला बाहेर जमलेल्या लोकांकडे. ८ सप्टेंबर हा मेरीच्या जन्माचा दिवस. आपल्याकडे वांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा याच सुमारास भरते आणि कितीतरी कोळी बायका नवस फेडायला जातात. त्या मूर्तीपुढचा बायकांचा घोळका मला न जाताही दिसला.

आणखी एक. टेकडीवर पाण्याची वानवा. म्हणून छपराचं सगळं पाणी एका पन्हाळीतून खालच्या हौदात पडतं. उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरलेल्या बाईला याचं मोल सांगायला नको!

२५ जून १९५५ रोजी हे प्रार्थनास्थळ खुलं झालं. सुरुवातीला अनेकांनी नाकं मुरडली. पुढे २०१६ साली चंदीगडच्या सरकारी इमारतींबरोबरच युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव आलं. २०२५ मध्ये आमच्या समोरची खांदेरीही त्याच यादीत गेली. १६७९ साली महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला आम्ही रोज बघतो, पण "जुने दगड" म्हणून कोणी त्याला हात लावू देईल का? मग पायरीच्या दगडानेच काय घोडं मारलंय?

मैत्रिणींनो, माझा स्लॅबला विरोध नाही. गळकं छप्पर बदलायलाच हवं. पण नवं बांधताना जुन्यातलं काय ठेवायचं, हे देऊळ रोज झाडणाऱ्या, दिवा लावणाऱ्या बायकांनाही विचारायला नको का?

रविवारी पुन्हा बैठक आहे. आम्ही सात-आठ जणी जाणार आहोत. मागणी एकच, पायऱ्यांचे दगड नव्या देवळाच्या उंबऱ्यापाशी बसवा. फोटो भाचीने मोठा करून दिलाय, तोही नेणार आहे. आणि या वेळी पुढच्या रांगेत बसणार आहोत.