अंगणापर्यंत आलेली खाण

औंढ्याजवळच्या एका गावात बचत गटाची बैठक होती. हिशेबाच्या वह्या मिटल्या, चहा आला, तशा एक मावशी म्हणाल्या, "ताई, त्या लायगोमुळं आपल्या हिरीचं पाणी नासंल का हो? अणूचं काम हाय म्हनतेत लोक."

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लायगो-इंडियाशी अणुऊर्जा विभागाचं नाव जोडलेलं, म्हणून भीती वाटते. पण तिथे लेसरच्या साहाय्याने अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायच्या आहेत. युरेनियमचा काही संबंध नाही. मावशींचं समाधान झालं. माझ्या मनात मात्र दुसराच प्रश्न घोळत राहिला. जिथे खरोखरच युरेनियम निघतं, तिथल्या बायकांचं काय?

झारखंडमध्ये जमशेदपूरजवळ जादूगोडा आहे. १९६७ साली स्थापन झालेल्या युरेनियम कॉर्पोरेशनची ही पहिली खाण. इथला एक टन दगड दळला, तरी किलोभरसुद्धा युरेनियम हाती लागत नाही. मग उरलेल्या चोथ्याचं करायचं काय? तो पाण्यात कालवून पाइपने मोठ्या तळ्यात सोडतात. युरेनियम काढून घेतलं, तरी मूळ दगडातला सुमारे ८५ टक्के किरणोत्सार या गाळातच राहतो. त्यातलं रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात! शरीरात गेलं की ते कॅल्शियमसारखं हाडांत जाऊन बसतं. त्यातून निघणाऱ्या रेडॉन वायूने फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. उन्हाळ्यात गाळ वाळला की धूळ उडते, पावसाळ्यात पाझर.

पण मला सगळ्यात चटका लावून गेली ती साधी गोष्ट. खाणीतले कामगार कामावरचे कपडे घरी आणायचे आणि बायका ते हाताने धुवायच्या. आपणही नवऱ्याचे मळलेले कपडे असेच धुतो ना! मुलं गाळाच्या तळ्याजवळ खेळायची, गुरं तिथेच चरायची. डिसेंबर २००६ मध्ये डुंगरीडीह गावाजवळ पाइप फुटला आणि गाळ ओढ्यात गेला.

२००७ साली डॉक्टरांच्या एका संघटनेने पाहणी केली. खाणीजवळच्या गावांत जन्मजात व्यंग आणि वंध्यत्वाचं प्रमाण दूरच्या गावांपेक्षा जास्त आढळलं. खाणीमुळे आजार होतात, हे कंपनीला मान्य नाही. वाद चालू राहतो. पण त्या गावची मुलगी म्हटलं की सोयरीक जुळायला अडचण येते, मूल झालं नाही तर बोल बाईलाच लागतो. अहवालाची वाट समाज बघत नाही.

हे सगळं फार लांबचं आहे, असंही नाही. कर्नाटकातलं यादगीर जिल्ह्यातलं गोगी हे एकेकाळी आपल्यासारखंच निजामाच्या राज्यातलं. तिथे युरेनियम सापडलं आणि लोकांचा विरोध सुरू झाला. तेलंगणच्या नल्लमला जंगलातही चेंचू आदिवासी उभे राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये विधानसभेने खाणीविरुद्ध ठराव केला.

वीज आपल्या सगळ्यांनाच हवी आहे. मिक्सर, पंखा, शेतातली मोटर कशावाचून अडत नाही? पण त्याचा उकिरडा कुणाच्या दारात पडतो, हे विचारायला नको का?

आपल्या काळ्या पाषाणात युरेनियम सहसा कमीच असतं. तरी बोअर खोल खोल चाललेत, तेव्हा पाणी तपासून घेणं शहाणपणाचं. पिण्याच्या पाण्यात युरेनियम लिटरला ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवण्याची सोय आहे. त्या पेटीत फ्लोराइड, नायट्रेट कळतं; युरेनियमसाठी मात्र प्रयोगशाळाच लागते.

पुढच्या बैठकीला मी मावशींना हेच सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मंग आपल्या गावातल्या पाच जणी कोन, ते आधी ग्रामसभेत इचारू."

मैत्रिणींनो, तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, ठाऊक आहे तुम्हाला?