घरच्या मांजराचें धांवतें चाक

मांजर हा आपल्या गृहस्थाश्रमांतील फार जुना सोबती. वाड्यांत राहणाऱ्या मांजराला माळा, परसू आणि शेजाऱ्यांचीं कौलें एवढें राज्य मोकळें असे. आज छत्रपति संभाजीनगरांत, सिडकोच्या वसाहतींत किंवा नव्या बहुमजली इमारतींत, तेंच मांजर दोन-तीन खोल्यांत दिवस कंठतें. जालना रस्त्यावरील रहदारी आणि गल्लोगल्लीं फिरणारीं मोकाट कुत्रीं पाहतां त्यास बाहेर न सोडणें शहाणपणाचें खरें; परंतु जीव वांचविण्यासाठीं दार लावून घेतांना त्याची धांवण्याची जागाहि आपणच काढून घेतली, हें विसरून चालणार नाहीं.

मांजर दिवसाचा बराच भाग झोंपेंत घालवितें, तो आळस नव्हे. दबा धरून एकाएकीं झेंप घेणारा हा प्राणी. पहांट आणि तिन्हीसांज या त्याच्या शिकारीच्या वेळा. त्या वेळीं अंगांतील जोम खर्चण्यास वाव न मिळाला, तर तें पडदे ओरबाडतें, निजलेल्यांच्या पायांवर उड्या घेतें, अथवा निमूटपणें खाऊन लठ्ठ होतें. आणि लठ्ठपणाबरोबर मधुमेह व सांध्यांचीं दुखणीं जडण्याचा संभव वाढतो. यावर लांकडी चाक हा एक चांगला उपाय असून घरच्या घरीं, सुताराच्या थोड्या मदतीनें, तो करतां येतो.

चाकाचें माप मांजराच्या पाठीवरून ठरवावें. चाक लहान झालें, तर धांवतांना कणा वरच्या बाजूस वांकतो. तो सरळ राहील एवढा व्यास हवा. पाऊण इंच जाडीच्या ८ × ४ फुटी प्लायवूडच्या एका तक्त्यांतून ४६ इंच व्यासाचीं दोन कडीं निघतात. कड्याची रुंदी २ इंच ठेवावी. अर्धा इंच जाड, २ इंच रुंद व १४ इंच लांब अशा सुमारें ६४ पट्ट्या कड्यांच्या आंतल्या बाजूस एकमेकींस भिडवून स्क्रूनें बसवाव्या. फट राहिल्यास नखी अडकेल. स्क्रूचीं डोकीं लांकडांत बुडवून वर आंखूड लवेचा गालिचा चिकटवावा. मांजराला एका फेऱ्यांत सुमारें पावणेअकरा फूट धांव मिळते.

चाक जड व रुंद बैठकीवर, बॉलबेअरिंगच्या चार रोळ्यांवर टेकवावें. प्रत्येक कड्याखालीं दोन रोळे येतील. कडीं बाजूला घसरूं नयेत म्हणून आधार द्यावा, आणि रोळ्यांजवळ शेपटी किंवा मुलांचीं बोटें जाणार नाहींत असें झांकण करावें. व्हार्निश पुरतें वाळून वास जाईपर्यंत मांजराला तेथें फिरकूं देऊं नये.

पुष्कळांना शंका येईल कीं, हें चाक म्हणजे कैद्याची चक्कीच नव्हे काय? नेदरलंडांतील लायडेन येथील योहाना मायर व युरी रॉबर्स यांनीं मोकळ्या जागीं चाकें ठेवून पाहिलीं. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत रानउंदीर आपण होऊन येऊन धांवत असल्याचें दिसलें. उंदरांवरून मांजराविषयीं सर्वस्वीं अनुमान काढतां येणार नाहीं. परंतु चाकावर धांवणें हें केवळ कोंडलेपणाचें लक्षण नव्हे, एवढें यावरून कळतें.

म्हणून मांजराला चाकावर कधींहि ढकलूं नये वा बांधूं नये. दोरीला बांधलेलें पीस किंवा आवडीच्या खाऊचा तुकडा पुढें धरून एक-एक पाऊल शिकवावें. रोज चार-पांच मिनिटें पुरे. शिकण्यास कित्येक आठवडे लागतील, आणि कांहीं मांजरें चाकाकडे वळणारहि नाहींत. म्हातारें, अतिलठ्ठ किंवा आजारी मांजर असल्यास आधीं पशुवैद्यास विचारावें.

याच नगरांतील प्रसिद्ध पाणचक्की डोंगरावरून खापरी नळांनीं आणलेल्या पाण्यावर फिरे. पाणी आलें कीं चाकाला फिरावेंच लागे. मांजराच्या चाकाचें सारें हित मात्र तें हवें तेव्हां थांबवितां येण्यांत आहे. तेवढी मोकळीक ठेवली, खिडकीशीं बसायला एक फळी दिली आणि संध्याकाळीं त्याच्याशीं घटकाभर खेळण्याचें आपलें काम चाकावर लोटलें नाहीं, तर दाराआडचें तें आयुष्य पुष्कळ सुसह्य होईल.