पाय अधू, पण नर्स व्हायचे आहे

मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली इस्पितळ उघडले. पुढे तिथे नर्सिंगही शिकवू लागले. सातारा-सांगलीच्या किती मुली नर्स झाल्या! पण पाय अधू असला की लोक म्हणतात, "तुला कसं झेपणार गं?"

नाडी बोटांनी बघतात. औषधाचे नाव डोळ्यांनी वाचतात. रोगी उचलायला धडधाकट नर्सलाही जोडीदार लागतोच. खरे अडते ते कॉलेजच्या जिन्यावर.

२०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित कॉलेजांत शंभरात निदान पाच जागा अपंगांसाठी राखल्या. बी. एस्सी. नर्सिंगच्या २०२१ च्या नियमांत मात्र त्या पायाने ४० ते ५० टक्के अधू असणाऱ्यांनाच ठेवल्या. मग कमी ऐकू येणाऱ्या मुलीने काय करावे? हे आम्हाला पटत नाही.

अपंगत्वाचा दाखला सिव्हिलला मिळतो. फॉर्म भरण्याआधी तो काढून ठेवा.